जमिनीला बांधलेली खुर्ची

शमीमआपाचा आवाज मी आधी ऐकला, ती दिसली फार नंतर. माझे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीच्या दुकानात कामाला होते. आमच्या घरी फोन नव्हता. हैदराबादच्या आत्याशी बोलायचं असलं की वडील मला दुकानात घेऊन जायचे, काळा जड रिसीव्हर माझ्या कानाला लावायचे आणि पलीकडून आवाज यायचा, "बोला, कुठं लावून देऊ?" तो आवाज कधी घाईत नसायचा. लाइन लागेपर्यंत मधेमधे येऊन सांगायचा, "थांबा हं, हैदराबाद बिझी आहे. ठेवू नका." सगळ्या मोंढ्याला तो आवाज ओळखीचा होता. त्या बाईंची पाळी दुपारची असते हे ठाऊक असल्यामुळं काही व्यापारी मुद्दाम जेवणं आटोपून ट्रंक कॉल लावायचे.

पुढं मी त्याच टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले. पहिल्या दिवशी सुपरवायझर बाईंनी मला बोर्डाच्या टोकाला बसवलं. शेजारच्या खुर्चीवर तिशीतली, गोरी, भरदार खांद्यांची एक बाई होती. कानाला हेडफोन. हात बोर्डावरच्या दोऱ्या या भोकातून काढून त्या भोकात घालत होते आणि तोंडानं ती म्हणत होती, "थांबा हं, ठेवू नका." मी बघतच राहिले.

"काय झालं गं?" तिनं विचारलं.

"काही नाही. तुमचा आवाज ओळखीचा वाटला."

"सगळ्यांनाच वाटतो," ती म्हणाली आणि परत बोर्डाकडं वळली.

तिला सगळे आपा म्हणायचे. मीही म्हणू लागले. ती माझ्याआधी ऑफिसात आलेली असायची आणि मी निघाले तरी बसलेलीच असायची. पाणी अगदी घोटभर प्यायची. चहा जागेवर मागवायची. नेसायची ती साडी, तीही लांब निऱ्यांची, जमिनीला टेकणारी. कितीतरी दिवस मला वाटायचं की या बाईला कामाचा फारच सोस आहे. एकदा माझी छत्री विसरली म्हणून मी परत आले, तर जिन्यात आपा. दोन्ही बगलांत कुबड्या, एका पायाला लोखंडी पट्ट्या, आणि एकेक पायरी उतरताना सगळं अंग खांद्यांवर तोललेलं. मला पाहून ती थांबली. चेहरा एकदम बंद झाला.

"जा तू पुढं," ती म्हणाली. "मला वेळ लागतो."

मी गेले. दुसऱ्या दिवशी तिनंच विषय काढला. बोर्ड जरा शांत होता. ती पुढं बघत, हळू आवाजात म्हणाली, "फोनवर मी लंगडत नाय, सुनंदा. म्हणून ही नोकरी मला लई आवडते."

ती शहागंजच्या मागं एका गल्लीत राहायची. पोलीस ॲक्शननंतर तिच्या अब्बांनी तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. ते गेल्यावर दुकान भाऊ चालवायचा, सलीम. आपा नुकती चालायला लागली तेव्हा तिला ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा पाय गेले होते. डावा पुरता, उजवा अर्धामुर्धा. अब्बांनी तिला सायकलच्या दांडीवर बसवून मॅट्रिकपर्यंत शाळेत नेलं-आणलं. अम्मीनं वेगळा वसा घेतला होता. रोज संध्याकाळी मगरीबची नमाज झाली की ती तेल कोमट करायची आणि लेकीचा डावा पाय मांडीवर घेऊन चोळत बसायची. आपा लहान होती तेव्हापासून हे चाललं होतं आणि आपा कमावती झाली तरी थांबलं नव्हतं. पायात काही येणार नाही हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. अम्मी म्हणायची, "डॉक्टर लोगां अल्ला थोडीच हैं."

लोकांनी तिला बघू नये म्हणून ती इतकी जपायची, त्याला एक कारण घडलं होतं. मोंढ्यातले एक शेठजी होते. फोनवर तिच्याशी ऐटीत भांडायचे. "ओ बाई, अर्जंट म्हणजे अर्जंट! तुमच्या मर्जीनं नाही!" आणि आपाही ऐकून घ्यायची नाही. "शेठजी, मुंबई माझ्या घरची नाय, लागली की देते." दोघांनाही त्या भांडणाची चटक होती. शेठजींच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा त्यांनी आग्रह करून तिला बोलावलं. आपा गेली. मांडवाच्या तोंडाशी शेठजी सगळ्यांचं स्वागत करत होते. कुबड्यांवरच्या या बाईकडं त्यांनी आधी लक्षच दिलं नाही. मग तिनं नाव सांगितलं. शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतः खुर्ची आणली, ताट हातात आणून दिलं, जाताना मिठाईचा पुडा दिला.

"दुसऱ्या दिवशी फोन आला," आपा सांगत होती. "मी म्हटलं, शेठजी, मुंबई बिझी आहे. तर म्हणाले, असू दे बेटा, असू दे, तुला त्रास नको. सुनंदा, ते परत कधी भांडले नाय बघ माझ्याशी."

पुढं बाहेरगावचे नंबर लोक घरूनच फिरवू लागले. आमचा बोर्ड ओस पडत गेला. कुणाची बदली झाली, कुणाला दुसऱ्या कामाला लावलं. आपाला खालच्या मजल्यावर चौकशीच्या खिडकीत बसवलं. जिना वाचला म्हणून सगळ्यांना वाटलं की तिची सोय झाली. पण त्या खिडकीला काच होती आणि काचेपलीकडं माणसं. ती बसलेली असली तरी कुबड्या भिंतीला टेकलेल्या दिसायच्याच. लोक बिल विचारायचे आणि नजर कुबड्यांवर ठेवायचे. त्या दिवसांत ती फार गप्प झाली. मी जेवायच्या सुट्टीत खाली जायचे, तर डबा न उघडता बसलेली असायची.

त्या खिडकीवर एक दिवस भाऊसाहेब आला. चितेगावचा माणूस, घरची शेती. तरुणपणी विहिरीच्या कामावर पाठीवर दगड पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. तिकडंच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होता. हातानं चालवायची तीनचाकी घेऊन तो शहरभर फिरायचा. फोनच्या अर्जाचं विचारायला आला होता. उत्तर मिळालं तरी खिडकीवरून हलेना. मी आत आपाजवळच बसले होते.

"आपा, राग मानू नका," तो म्हणाला. "तुमचे हात बघितले मी. गोळा फेकता का?"

आपाचा चेहरा लाल झाला. "माझे हात बघायला तुम्ही कोण?"

"मी बी बसूनच असतो ना. बसलेल्या माणसाला दुसऱ्याचे पाय दिसत नाय, हातच दिसतेत." त्यानं शांतपणे सांगितलं. "खुर्चीत बसून गोळा फेकायचा असतो. स्पर्धा असतेत आपल्यासारख्यांच्या. मी फेकतो. रविवारी सकाळी आमखास मैदानावर असतो. बायकांत कुणी नाय आपल्या इकडं."

"मला नाय यायचं."

"बरं," तो म्हणाला आणि तीनचाकी वळवून निघून गेला.

त्यानंतर काही आठवडे तिनं त्याचं नावही काढलं नाही. मग एका शनिवारी, घरी निघताना, माझ्याकडं न बघता विचारलं, "उद्या सकाळी काय करतेस?"

आमखास मैदानावर त्या सकाळी पोरांचं क्रिकेट चाललं होतं. कडुनिंबाच्या बाजूला भाऊसाहेबानं लोखंडी पाइपांची एक खुर्ची मांडली होती, कारखान्यातल्या मित्राकडून वेल्डिंग करून घेतलेली. तिच्या चारी बाजूंना जमिनीत खुंट्या ठोकल्या होत्या आणि दोरखंडांनी खुर्ची त्या खुंट्यांना आवळून बांधली होती. आपानं ते पाहून विचारलं, "ही का बांधली?"

"हालली तर जोर वाया जातो. खुर्ची हालायला नको, माणूस हालायला पाहिजे."

मग त्यानं सांगितलं की पट्ट्यांचा बूट काढावा लागेल, पाय खुर्चीला पट्ट्यानं बांधावे लागतील. आपा त्या दिवशी सलवार-कमीज घालून आली होती. तरीही ती तशीच उभी राहिली. घराबाहेर तिनं तो बूट कधी काढला नव्हता. मग ती मला म्हणाली, "सुनंदा, माझी ओढणी धर मधे." मी ओढणी दोन्ही हातांनी पडद्यासारखी धरली आणि मान फिरवून उभी राहिले. मागं बक्कल सुटल्याचा आवाज आला, लोखंड जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग भाऊसाहेब म्हणाला, "हं, आता डाव्या हातानं पाइप धरा. गोळा मानेपाशी. मान नाय हालवायची. ढकला."

पहिला गोळा तिच्या पायांपासून थोड्याच अंतरावर पडला. पोरांतलं कुणीतरी हसलं. दुसराही तिथंच पडला. भाऊसाहेबानं तोंडानं एकदाही वाहवा केली नाही. "कोपर खाली पडतंय," एवढंच तो म्हणाला, "परत." मी गोळा उचलून आणून द्यायचे. ऊन चढलं, पोरं घरी गेली, तरी हे चाललंच होतं. शेवटी आपानं कपाळाचा घाम बाहीनं पुसला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

काही रविवार मी ओढणी धरली. मग एकदा मी सवयीनं पुढं झाले, तर ती खुर्चीत बसून बक्कल सोडतच होती. "राहू दे गं," ती म्हणाली. "हात दुखत असतील तुझे." मैदानात माणसं होती. ती काडीसारखी बारीक, पांढरट पोटरी उन्हात उघडी पडली. आपानं स्वतःच्या हातांनी पाय उचलून जागेवर ठेवला आणि पट्टा आवळला. बघणाऱ्यांनी बघितलं. मग ती गोळा फेकू लागली तसे ते गोळ्याकडं बघायला लागले.

घरी मात्र कुरबूर सुरू झाली होती. सलीम वाईट माणूस नव्हता, बहिणीवर त्याचा जीव होता. पण दुकानावर येणारी माणसं त्याला विचारायची. तो अम्मीला म्हणाला, "पाव निकाल के मैदान में बैठती बोलते. लोगां देखते. मेरेकू अच्छा नहीं लगता." पुढच्या रविवारी बुरखा घालून, रिक्षा करून अम्मी एकटीच मैदानावर आली. कुठं बसावं कळेना, तर कडुनिंबाच्या पारावर माझ्याशेजारी टेकली. समोर तिची लेक लोखंडी खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेली. मला वाटलं, म्हातारी आता रडणार.

आपानं अम्मीला पाहिलं. मग तिनं गोळा मानेशी घेतला, सगळं अंग पिळून मागं नेलं आणि घशातून ओरडत ढकलला. तो लांब जाऊन पडला. इतका लांब तोवर तिचा कधी गेला नव्हता. अम्मी उठली. चालत खुर्चीपाशी गेली. मी मागं होते. तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला नाही की पायाकडं बघितलं नाही. दोन्ही हातांनी तिचा उजवा खांदा चाचपला, दंड दाबून बघितला, जशी बाजारात बायका एखादी वस्तू पारखतात तशी.

"इत्ता जोर कहां से आया गे?" तिनं विचारलं.

"तुम्हीच दिलेलं असंल, अम्मी," आपा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आपानं मला सांगितलं. मगरीबनंतर अम्मीनं नेहमीसारखं तेल कोमट केलं. आपानं सवयीनं पाय पुढं केला. अम्मी म्हणाली, "नक्को, उलटी फिर." आणि तिनं खांदा चोळायला घेतला. हे सांगून आपा म्हणाली, "इतकी वर्षं ती माझ्या गेलेल्या पायाशी बसली होती, सुनंदा. काल पहिल्यांदा माझ्या जित्या हाताशी बसली." अम्मी असेपर्यंत मग खांद्याचीच मालिश चालली.

वर्षभरानं राज्याची स्पर्धा पुण्याला होती. भाऊसाहेबाचा एक पुतण्या, आपा आणि मी एसटीनं गेलो. भाऊसाहेब आदल्या दिवशीच पोचला होता. मैदानावर शेकडो माणसं, आणि कुणीही धड चालणारं नाही. आपा दारातच थबकली. "एवढी आहेत?" ती पुटपुटली. इतकी वर्षं आपल्यासारखी आपणच, असं तिला वाटत असावं. आधी तपासणी होती. कोणाचा गट कोणता ते ठरवायला डॉक्टर प्रत्येकाचे हातपाय हलवून बघत होते. आपाला टेबलावर झोपवलं. पाय उचला, बोटं हलवा, कूस बदला. एरवी असल्या तपासणीतून ती खाली मान घालून बाहेर यायची. त्या दिवशी बाहेर आली आणि म्हणाली, "पाय विचारत होते, पण लिहून काय घेतलं माहितेय? कुठवर जोर आहे ते."

तिची पाळी आली. खुर्ची बांधली. पहिला गोळा चांगला लांब गेला. पंचानं लाल झेंडा वर केला. फेकताना तिची बैठक खुर्चीवरून उचलली गेली होती. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तिनं इतकं जपून फेकलं की गोळा मानेपासून सुटला आणि खांद्यामागून गेला. तोही बाद. तिच्या नावापुढं एकही फेक लागली नाही. मी पंचाकडं गेले. जवळपास विनवणीच केली. म्हटलं, पहिल्यांदाच आल्यात, लांबून आल्यात. तो तरुण माणूस होता. नम्रपणे म्हणाला, "ताई, उचलली बैठक. मी काय करू?"

परतीच्या एसटीत मी तिच्या शेजारी बसले. ती खिडकीशी बसली होती, नजर बाहेर. नगर मागं पडलं तेव्हा माझ्याकडं वळली. मला वाटलं होतं ती रडलेली असेल. पण डोळे कोरडे होते आणि चमकत होते.

"तू गेलीस ना त्याच्याकडं? परत असं करू नको."

"आपा, मला वाटलं..."

"त्यानं मला बाद दिलं, सुनंदा. सगळ्यांसमोर. एकदा नाय, तिन्ही वेळा. जाऊ द्या बिचारी, असं नाय म्हणाला." तिनं कुबड्या सीटला नीट टेकवल्या. "शेठजींनी भांडणं सोडलं त्या दिवसापासून असं कुणी वागलंच नव्हतं माझ्याशी. मी पुढच्या वर्षी जाणार. बैठक नाय उचलू देणार."

आणि ती गेली. पुढच्या वर्षी तिसरी आली, त्याच्या पुढं दुसरी. चितेगावच्या भाऊसाहेबाचं आणि तिचं नाव पेपरात एकाच बातमीत आलं. सलीमनं ते कात्रण दुकानात पंपाच्या वरती चिकटवलं आणि पंक्चर काढायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवू लागला. ऑफिसात आपा बदलली. ती पोटभर पाणी पिऊ लागली. दुपारी सगळी माणसं असताना, कुबड्या वाजवत, अख्ख्या हॉलमधून कँटीनला जाऊ लागली. खिडकीवर कुणी कुबड्यांकडं बघत राहिलं तर विचारायची, "झालं बघून? आता बिल दाखवा." वार्षिक खेळांत आमचे साहेब तिला दरवर्षी बक्षिसांच्या टेबलामागं बसवायचे, सन्मान म्हणून. त्या वर्षी ती म्हणाली, "साहेब, मला टेबलाच्या पुढच्या बाजूला बसवा." साहेबांना अर्थ कळला नाही. तिनं खुर्ची आणि खुंट्या मागवल्या आणि धडधाकट बायकांच्या गोळाफेकीत नाव दिलं. नंबर आला नाही. एका वायरमनच्या बायकोनं तिला सहज हरवलं आणि नंतर दोघी झाडाखाली बसून भजी खात होत्या.

सगळं असंच चढत गेलं असतं तर सांगायला सोपं होतं. पण पन्नाशीच्या अलीकडंच तिचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी थंडीत, मग बारा महिने. डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकायला मी तिच्यासोबत होते. लहानपणापासून पायांचं काम खांद्यांनी केलं, ते आता थकलेत. कुबड्या आणि गोळा दोन्ही झेपणार नाही. गोळा सोडा, म्हणजे आणखी बरीच वर्षं चालता येईल.

"आणि कुबड्या सोडल्या तर?" आपानं विचारलं.

डॉक्टर गोंधळले. "मग चाकाची खुर्ची लागेल. कायमची. आणि फेकही फार तर दोन-तीन वर्षं."

त्या संध्याकाळी तिच्या घरी मोठी खडाजंगी झाली. अम्मी तोवर गेली होती. सलीमनं आवाज चढवला. "अम्मीनं जिंदगी घालवली तू चालावी म्हणून! अब्बांनी तुला दांडीवर बसवून फिरवलं! आणि तू चालतेस तर बसते म्हणतेस? कायकू?"

सलीमची बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. मग आपा म्हणाली, "चालून मी कुठं गेले, सलीम? घरून ऑफिसात, ऑफिसातून घरी. पुण्याला गेले, नाशिकला गेले, दिल्ली बघितली, ते सगळं बसून."

"लोक काय म्हणतील? खेळाच्या नादात पाय घालवला."

"पाय तर आधीच गेला होता, भाई. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. ह्या बारीला मी ठरवते."

सलीम उठून दुकानात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला तेव्हा त्याच्या हातात पाना आणि तेलाची कुपी होती. चाकाची खुर्ची घरात आली की तिच्या बेअरिंगचं बघायला लागेल, म्हणाला. ह्यापलीकडं त्या विषयावर दोघं बोलले नाहीत.

मला तेव्हा तिचं पटलं नव्हतं, आणि आजही पुरतं पटलंय असं मी म्हणणार नाही. ती दोन हंगाम खेळली. दुसऱ्या हंगामात राज्यात पहिली आली. त्यानंतर हात मानेच्या वर जाईनासा झाला आणि ते संपलं. एकदा मी तिच्या घरी गेले होते. ती खिडकीखाली खुर्चीत बसली होती. खिडकी उंच होती, गल्ली दिसत नव्हती, नुसतं आभाळ. मी विचारलं, "आपा, वाईट वाटतं का?"

"ह्या खिडकीचं वाटतं," ती म्हणाली. "उभी राहून गल्लीत बघायची सवय होती. तिथल्या केळीवाल्याशी बोलायचे. आता तो मला ओरडून विचारतो, आपा, आहात का?" मग हसली. "आहे म्हणते मी."

निवृत्तीनंतर ती आणि भाऊसाहेब मैदानावर मुलांना शिकवू लागले. कधी चार यायची, कधी एकच. बजाजनगरहून कविता नावाची एक मुलगी यायची. वडील वाळूजच्या कारखान्यात कामाला. मुलीचे दोन्ही पाय जन्मापासून वाकडे, आणि आई तिला कडेवर घेऊन यायची. मुलगी तेव्हा चांगली बारा-तेरा वर्षांची असेल. पहिल्याच दिवशी आपा म्हणाली, "खाली ठेवा तिला."

"पडंल ओ," आई म्हणाली.

"पडू द्या. मी बी पडते."

आईनं मुलीला गवतावर ठेवलं. मुलगी हातांवर सरकत, कपडे मळवत, खुर्चीपर्यंत गेली. पाइपाला धरून वर चढायला तिला खूप वेळ लागला. आई दोनदा पुढं झाली आणि दोन्ही वेळा आपानं नुसता हात आडवा धरला. मुलगी वर बसली तेव्हा आई रडत होती. आपाही रडत होती, पण तिनं तोंड फिरवलं होतं आणि ती दोरखंड तपासत असल्याचं दाखवत होती. मुलगी पुढं फार मोठी खेळाडू झाली नाही. काही वर्षं खेळली, शिकली, आता बँकेत आहे, स्वतःची तीनचाकी स्कूटर चालवत कामाला जाते.

मी मुलाकडं नाशिकला राहायला गेले आणि भेटी कमी झाल्या. फोनवर बोलायचो. आवाज तसाच होता, जरा जाड झालेला. फोन ठेवताना ती अजूनही म्हणायची, "थांब हं, ठेवू नको," आणि काहीतरी राहिलेलं सांगायची. मागच्या थंडीत ती झोपेतच गेली. सलीमनं कळवलं तेव्हा मी पोचू शकले नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही महिने आधी, क्रांती चौकात. एका लग्नासाठी शहरात आले होते, रिक्षात होते. संध्याकाळची गर्दी. सिग्नलला आमची रिक्षा थांबली तर पुढं, सगळ्या गाड्यांच्या पुढं, झेब्रा पट्ट्यांच्या तोंडाशी चाकाची खुर्ची. पाठमोरी होती तरी ते खांदे मी कुठंही ओळखले असते. ओढणी कमरेला खोचलेली, मांडीवर पिशवी, आणि ती तिखट-मीठ लावलेला जाम, म्हणजे पेरू, खात होती. मी "आपा!" म्हणून हाक मारली. बसच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही. सिग्नल हिरवा झाला. मागून एकदम सगळ्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एका मोटारसायकलवाल्यानं मान पुढं काढून काहीतरी म्हटलं. आपानं त्याच्याकडं बघितलं, तोंडातला घास सावकाश चावून गिळला, उरलेली फोड पिशवीत टाकली, हात ओढणीला पुसले. मग दोन्ही चाकांना धरून तिनं एक जोर दिला आणि पैठण गेटच्या उताराला अशी भरधाव सुटली की मोटारसायकलवाला तिच्या मागंच राहिला.